घोसाळ्याची वेल : भाजीचे फळ वेगळे, घासणीचे फळ वेगळे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे : गच्चीवरील मोठ्या कुंडीत लावलेली घोसाळ्याची वेल मांडवभर पसरली, पण कित्येक आठवडे पिवळी फुले नुसतीच येऊन गळत राहिली. शेवटी पाच फळे धरली. त्यांपैकी तीन फळे हातभर लांब झाल्यावर हिरवी असतानाच काढून वाळत ठेवली, तर दोन आतून काळी पडून कुजली आणि तिसऱ्याच्या आतली, अंग-भांडी घासायला वापरतात ती तंतूंची जाळी पाण्यात भिजताच लिबलिबीत झाली. फुले का गळली, फळे का कुजली आणि वेलीवर अजून असलेल्या दोन फळांचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

ही वेल मी अनेक वर्षे घासणीसाठीच लावत आलो आहे, आणि आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. भाजी आणि घासणी ही एकाच वेलीची दोन निराळी पिके आहेत. भाजीचे फळ फुलल्यापासून आठवड्याभरात तयार होते, तर घासणीचे फळ त्यानंतर दीड-दोन महिने, कधी अधिक काळ, वेलीवर राहावे लागते. या दोन पिकांची वेळ, फळांची संख्या आणि काढणीची खूण यांत काहीही साम्य नाही. आपण वेल भाजीच्या हिशेबाने वाढवली आणि तिच्याकडून घासणीची अपेक्षा केली, एवढेच घडले आहे.

प्रथम जातीची खातरजमा करून घ्यावी. घासणीसाठी लागते ते गुळगुळीत सालीचे घोसाळे, म्हणजे लुफा इजिप्टिआका. जुन्या पुस्तकांत हीच वनस्पती लुफा सिलिंड्रिका या नावाने सापडते. ठळक धारांचा दोडका, म्हणजेच शिराळे, ही तिची सख्खी बहीण असून तिचे नाव लुफा अक्युटँगुला आहे. दोडक्याच्या आतही जाळी तयार होते, परंतु कडक धारांमुळे साल काढणे त्रासाचे होते, त्यामुळे मी तो भाजीपुरताच ठेवतो. बी हातात घेतल्यावरही दोन्हींतला फरक ओळखता येतो. घोसाळ्याचे बी चपटे, बहुधा काळे, बऱ्यापैकी गुळगुळीत आणि कडेने पातळ पापुद्र्यासारखी किनार असलेले असते, तर दोडक्याचे बी खडबडीत, बारीक खड्ड्यांचे आणि किनार नसलेले असते. फुलांची वेळ तर याहूनही स्पष्ट सांगते, कारण घोसाळ्याची गडद पिवळी फुले पहाटे उमलतात आणि दोडक्याची फिकट पिवळी फुले संध्याकाळी. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे परागीभवनाच्या संदर्भात याचा उपयोग होणार आहे.

पेरणीपासून वाळलेले फळ हाती येईपर्यंत साधारण पाच ते साडेसहा महिने लागतात, आणि त्यांतील बहुतेक काळ ऊबदार असावा लागतो. म्हणून आपल्या हवामानात सलग ऊब केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, हे आधी पाहावे आणि शेवटच्या दिवसापासून मागे मोजत पेरणीची तारीख ठरवावी. थंडी कडक पडणाऱ्या ठिकाणी बाहेर लावणीयोग्य हवा होण्याच्या चार ते सहा आठवडे आधी घरात रोपे तयार करावी लागतात. बियांचे कवच जाड असल्यामुळे मी टोकाकडची कड कानशीने किंचित घासतो आणि बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवतो. माती 25 ते 30 अंश सेल्सिअस तापलेली असेल तर एक ते दोन आठवड्यांत अंकुर वर येतात. थंड व ओल्या मातीत मात्र बी तसेच पडून कुजते. रोपांची मुळे हलवलेली या वेलीला अजिबात मानवत नाहीत, त्यामुळे रोप कागदी पेल्यात वाढवून पेल्यासकट लावावे किंवा बी थेट जागेवरच टोकावे.

जमीन पाण्याचा निचरा होणारी, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध आणि किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामू (pH, आम्लता मोजण्याचे माप) 6 ते 6.8 च्या आसपास असलेली चांगली. जमिनीत लावताना दोन वेलींत किमान दोन ते तीन फूट अंतर ठेवावे. कुंडीत लावायची असेल तर 40 ते 50 लिटर मातीत एकच वेल ठेवावी, हा माझा आग्रह राहील. लहान कुंडीतही वेल वाढते, फुलते, भाजीपुरती फळेही देते, पण दुपारी पाने माना टाकू लागली की तिच्यात फळ दोन महिने पोसण्याची ताकद राहत नाही. पाणी नियमित हवे. एक दिवस पूर आणि तीन दिवस कोरड अशी तऱ्हा झाली की कोवळी फळे पिवळी पडून गळतात. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन घातले तर ही चढउतार पुष्कळ कमी होते.

मांडवाच्या बाबतीत काटकसर करू नये. पूर्ण वाढलेली हिरवी फळे पाण्याने भरलेली व जड असतात, आणि पावसात भिजलेल्या पानांचा भारही मांडवावरच पडतो. सुतळीचे जाळे पहिल्या जोराच्या वाऱ्यात फाटते, म्हणून जाड तार किंवा बांबू वापरावेत. मांडव डोक्याच्या उंचीचा असावा आणि फळे खाली मोकळी लोंबतील अशी व्यवस्था करावी, कारण लोंबणारे फळ सरळ वाढते. जमिनीवर टेकलेले फळ वाकडे होते आणि टेकलेल्या बाजूने सडते. फळ लहान असतानाच ते तारेत किंवा फांदीच्या बेचक्यात अडकलेले नाही ना, हे पाहून हलकेच मोकळे करावे. हे काम मी आठवड्यातून एकदा न चुकता करतो, कारण अडकून वाढलेल्या फळाच्या जाळीवर तारेची खोबण कायमची उमटते आणि ते तेथेच तुटते.

आता फुलांविषयी. आपली फुले गळत होती ही मुळात आपत्ती नव्हती, कारण ती बहुतांशी नर फुले असावीत. या वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुले लांब दांड्यावर घोसाने येतात व रोज एक-दोन उमलून गळतात. मादी फूल एकटे येते आणि त्याच्या पाकळ्यांखाली बोटभर बारीक घोसाळे आधीपासूनच दिसते. सुरुवातीचे काही आठवडे वेल जवळजवळ केवळ नर फुले देते. त्यानंतरही मादी फुले दिसत नसतील तर मी तीन गोष्टी तपासतो. पहिली म्हणजे नत्राचा अतिरेक : दर आठवड्याला शेणखताचे पाणी किंवा युरिया मिळणारी वेल हिरवीगार होते, पण फळावर येत नाही. फुले दिसू लागताच नत्र कमी करून राख किंवा पोटॅशयुक्त खत द्यावे. राख मात्र मूठभरच, कारण तिने मातीचा सामू वाढतो. दुसरी गोष्ट हवामानाची : मोठे दिवस आणि अति उष्णता नर फुलांना अनुकूल असते, तर दिवस लहान होऊ लागले की मादी फुलांचे प्रमाण वाढते, त्यामुळे काही वेली उन्हाळाभर नुसत्या पसरतात आणि नंतर एकदम फळांवर येतात. तिसरी गोष्ट छाटणीची. मुख्य वेल मांडवावर पोहोचेपर्यंत खालची बगलफूट काढून टाकावी, आणि मांडवावर आल्यावर तिचा शेंडा खुडावा. बगलफुटींवर मादी फुले लवकर व अधिक येतात, असा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

मादी फुलेही गळत असतील, म्हणजे खालचे बारीक घोसाळे पिवळे पडून झडत असेल, तर परागीभवन होत नाही असे समजावे. उंच गच्चीवर मधमाश्या कमी पोहोचतात आणि तेथे हाताने परागीभवन करणे हाच खात्रीचा उपाय आहे. सकाळी नऊच्या आत ताजे उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि परागाने भरलेला मधला भाग मादी फुलाच्या केंद्रातील तीन भागांच्या चिकट बोंडावर हलक्या हाताने सर्व बाजूंनी टेकवावा. एका मादी फुलासाठी दोन नर फुले वापरली तर परागकण सगळीकडे पोहोचतात. सर्व बाजूंनी पराग न मिळाल्यास फळ एका अंगाने बारीक राहते. दुपारपर्यंत थांबल्यास उष्णतेने पराग निकामी झालेला असतो, आणि संध्याकाळी उमलणाऱ्या दोडक्याची सवय असलेल्यांकडून नेमकी हीच चूक घडते. कळ्यांपाशी मुंग्यांची वर्दळ दिसली तर घाबरू नये. कळीच्या तळाशी असलेल्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो, त्यासाठी त्या येतात. पानांच्या मागे मावा नसेल तर त्यांच्यापासून काहीही उपद्रव नाही.

कीड-रोगांत माझ्या दृष्टीने फळमाशी सर्वांत घातक आहे, कारण ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि आतल्या अळ्यांमुळे फळ वाकडे होऊन सडते. परागीभवन झाल्यावर दोन-तीन दिवसांत फळावर कागदी किंवा पातळ कापडी पिशवी सैलसर बांधावी आणि साल घट्ट होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, ती वेळोवेळी सैल करत राहावी. गळालेली किडकी फळे तेथेच पडू देऊ नयेत, कारण अळी मातीत शिरून कोष करते. क्यू-ल्यूर या माश्यांना ओढून घेणाऱ्या गंधद्रव्याचे कामगंध सापळे केवळ नर माश्या पकडतात, म्हणून ते पिशवीला पर्याय नसून जोड आहेत. रोपे दोन-चार पानांची असताना लाल भुंगे पाने चाळणीसारखी करतात. ते पहाटे सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, पडलेली जुनी पाने काढून हवा खेळती ठेवावी. गंधकाची भुकटी कडक उन्हात वापरू नये, कारण तिने वेलवर्गीय पिकांची पाने करपतात.

वेलीवर फळे धरू लागली की निवड करावी लागते, आणि येथेच थोडे मन घट्ट करावे लागते. भाजीसाठी फळ 10 ते 15 सेंटीमीटर लांब आणि नख सहज रुतेल इतके कोवळे असताना, फुलल्यापासून पाच ते सात दिवसांत काढावे. ते वेळेवर काढत राहिल्यास वेल नवी फळे देत राहते. उलट एखादे फळ पक्व होऊ दिले की वेलीची शक्ती त्यात जाते आणि नवी फळधारणा मंदावते. म्हणून पहिली काही फळे भाजीला घ्यावीत, वेल सशक्त झाल्यावर धरलेली सरळ व निरोगी फळे घासणीसाठी राखून त्यांच्या देठाला रंगीत दोरा बांधावा, आणि त्यानंतर येणारी फळे पुन्हा भाजीसाठीच काढावीत. कुंडीतील वेलीवर मी घासणीची चार ते सहा फळेच ठेवतो, जमिनीतील चांगल्या वेलीवर आठ ते दहा. भाजी करण्यापूर्वी कच्च्या फळाचा बारीक तुकडा जिभेला लावून पाहावा. तो कडू लागला तर थुंकून फळ टाकून द्यावे, कारण हा कडवटपणा क्युकरबिटॅसिन या द्रव्यांचा असतो. ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत आणि त्यांनी उलट्या-जुलाबांचा गंभीर त्रास होऊ शकतो.

आता आपल्या कुजलेल्या फळांकडे येतो. फळाने लांबी गाठली म्हणजे ते तयार झाले, हा समज चुकीचा आहे. फळ तीन-चार आठवड्यांत पूर्ण लांबीचे होते, परंतु तोवर आत बहुतांश पाणी आणि मऊ गर असतो. शिरांचे जाळे तेथे असते, पण सेल्युलोजच्या त्या तंतूंमध्ये लिग्निन पुरेसे साठलेले नसते, आणि तंतूला ताठपणा देतो तो लिग्निनच. असे फळ तोडले की पाणी सालीच्या आत कोंडते, बुरशी धरते आणि जाळी काळी पडते. आपले तिसरे फळ कुजले नाही, पण त्याचे तंतू अपक्व असल्यामुळे पाण्यात लिबलिबीत झाले.

तयार फळाच्या खुणा अशा आहेत की एकदा हात बसला म्हणजे डोळे मिटूनही ओळखता येतील. गडद हिरवा रंग फिका होत पिवळसर आणि मग तपकिरी होतो, देठ वाळतो, आणि तळहातावर तोलल्यास फळ त्याच्या आकारमानाच्या मानाने अगदी हलके लागते. अंगठ्याने दाबल्यावर साल आतल्या जाळीपासून सुटलेली जाणवते, आणि हलवल्यास बिया खुळखुळतात. फळ वेलीवर तपकिरी होऊ देणे सर्वांत चांगले, पण सतत पाऊस किंवा धुके असेल तर तो हट्ट धरू नये, कारण ओल्या हवेत वाळणाऱ्या सालीवरची बुरशी आत उतरते आणि जाळीवर न जाणारे डाग पाडते. अशा वेळी फळ पिवळे होऊन हलके लागू लागले की काढून लगेच सोलावे. हिमतुषाराचा धोका असलेल्या ठिकाणीही हेच करावे, आणि गोठलेले फळ असेल तर त्याच दिवशी सोलावे.

सोलण्याची रीत फळाच्या अवस्थेप्रमाणे बदलते. पूर्ण वाळलेले फळ जमिनीवर हलकेच लोळवत दाबले की साल तडकते आणि तुकड्यांनी निघते. पिवळ्या, अर्धवट ओल्या फळाच्या लांबीच्या दिशेने असलेल्या बारीक रेषांपैकी एक सुरीच्या टोकाने वरवर चिरून अंगठे आत घालावेत. साल मोठ्या पट्ट्यांनी सुटते. कडक साल निघत नसेल तर फळ अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवावे. फुलाकडच्या टोकाला एक छोटे झाकण असते. ते काढून, फळ उलटे धरून, आतील तीन पोकळ नळ्यांतून बिया झटकून घ्याव्यात आणि हे काम धुण्याआधी करावे, कारण ओल्या जाळीत बिया चिकटून बसतात. मग जाळी वाहत्या पाण्याखाली पिळून-पिळून गर व चिकट रस पूर्ण काढावा. जाळीत राहिलेला गर हेच नंतरच्या काळपटपणाचे आणि दुर्गंधीचे कारण असते, त्यामुळे पाण्याला फेस येणे थांबेपर्यंत मी धुतो. त्यानंतर कडक उन्हात टांगून, बाजू पालटत, आतपर्यंत कोरडी करावी. नैसर्गिक फिका तपकिरी रंग मला पुरेसा वाटतो. पांढरेपणा हवाच असेल तर 3 टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास भिजवून स्वच्छ धुवावे. क्लोरीनच्या तीव्र ब्लीचमध्ये ठेवलेली जाळी ठिसूळ होते.

वाळलेली जाळी कोरडी असताना टणक आणि टोचरी, तर भिजल्यावर लवचीक असते. दाबून चपटी केलेली जाळी पाण्यात पुन्हा फुगते, म्हणून साठवताना जागा वाचवता येते. भांड्यांसाठी मी तिचे चार बोटे रुंदीचे आडवे काप करतो. ते नॉनस्टिक भांड्यावर ओरखडे पाडत नाहीत आणि कंदांवरची माती काढायलाही उत्तम असतात. अंगासाठी लांब तुकडा उभा चिरून उघडावा. आतील बाजूचे तंतू लांबीच्या दिशेने जाणारे व खरखरीत असतात, ती बाजू टाचांसाठी ठेवावी. चेहऱ्यावर, जखमेवर किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर जाळी वापरू नये. साबणाखाली ठेवलेली चकती पाणी निथळू देते, कुंडीच्या भोकावर ठेवलेला तुकडा माती अडवून पाणी जाऊ देतो. या सच्छिद्रपणाचे महत्त्व फार पूर्वी ओळखले गेले होते : दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपान या जाळ्यांची मोठ्या प्रमाणावर निर्यात करीत असे आणि जहाजांच्या इंजिनांसाठी गाळणी म्हणूनही त्या वापरल्या जात.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सूट देत नाही. ओल्या जाळीत अडकलेल्या मृत त्वचेवर स्यूडोमोनाससारखे जीवाणू वेगाने वाढतात आणि त्यांनी त्वचेच्या केसांच्या मुळांशी पुळ्या येऊ शकतात. प्रत्येक वापरानंतर जाळी पिळून न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी टांगावी. आठवड्यातून एकदा एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात पाच मिनिटे बुडवून भरपूर पाण्याने धुवावी. ब्लीच कधीही व्हिनेगर, पेरॉक्साइड किंवा दुसऱ्या स्वच्छताद्रव्यात मिसळू नये. अंगाची जाळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी, घरात एकाची दुसऱ्याने वापरू नये, आणि वास येऊ लागला तर त्याआधीच खतात टाकावी. रासायनिक रंग न लावलेली जाळी मातीत पूर्णपणे कुजते.

बियांसाठी सर्वांत सरळ, निरोगी आणि गोड फळ देणाऱ्या वेलीचेच फळ निवडावे. जवळपास रानटी कडू वेल किंवा दुसऱ्या जातीचे घोसाळे असेल तर मादी कळीला आदल्या संध्याकाळी पिशवी बांधून सकाळी हाताने परागीभवन करावे आणि पिशवी पुन्हा बांधावी, अन्यथा पुढच्या पिढीत कडवटपणा उतरू शकतो. पुष्ट, पूर्ण काळ्या बिया निवडून आणखी आठवडाभर सावलीत वाळवाव्यात. फिक्या व पोकळ बिया अपक्व असतात. कोरड्या बंद डब्यात त्या तीन-चार वर्षे उगवण्याजोग्या राहतात.

आपल्या वेलीवर उरलेली दोन फळे आता तोडू नयेत. त्यांच्यानंतरची सर्व कोवळी फळे भाजीसाठी काढून टाकावीत, खत थांबवावे, आणि फळांचा रंग फिका पडू लागल्यावर पाणीही हळूहळू कमी करावे. अजून सहा आठवडे ऊबदार हवा मिळणार असेल तर ती वेलीवरच वाळतील. थंडी किंवा पाऊस त्याआधी आला, तर फळ पिवळे पडून हलके लागत असल्याची खात्री करून ते काढावे, त्याच दिवशी सोलावे आणि सालीसकट वाळत ठेवू नये.